आम्ही की आपण?

गेल्या नाताळात वडगाव निंबाळकर येथील आमच्या घरी चार भाषा एका छताखाली आल्या. आमचा मुलगा बँकॉकमध्ये एका हॉटेलात आचारी आहे. तेथे इंग्रजी शिकविणाऱ्या एका फिलिपिनो मुलीशी त्याचा विवाह झाला. विवाह तिच्या गावी झाल्याने आम्हां उभयतांना जाता आले नव्हते. आता ती दोघे चार वर्षांच्या नातीला घेऊन प्रथमच घरी आली. नात आईशी टागालोग बोले, खेळताना बालवाडीतली थाई बोले. नवराबायकोची आपसातली भाषा इंग्रजी. मराठी मात्र स्वतःच्याच घरात पाहुणीसारखी उभी होती.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकविली. त्यामुळे हे शल्य मला फार बोचत होते. काही महिन्यांपूर्वी मी मुलाला दूरध्वनीवर बोलूनही गेलो होतो, "जिला आमची भाषा येत नाही, ती आमची कशी?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही; परंतु माझे ते वाक्य सुनेच्या कानी गेले असावे, अशी शंका मला होती.

पहिल्याच सकाळी नातीने मला "पू" अशी हाक मारली आणि अंगणातल्या शेजारच्या मुलांची हसून मुरकुंडी वळली. थाई भाषेत वडिलांच्या वडिलांना 'पू' व आईच्या वडिलांना 'ता' म्हणतात, असे मुलाने समजाविले. टागालोगमध्ये दोघेही 'लोलो'. आपणही दोघांना आजोबाच म्हणतो. मात्र आपल्याकडे काका निराळा आणि मामा निराळा, टागालोगमध्ये दोघांना एकच शब्द. शिक्षकाची खोड जागी झाली. मी एक वही काढली आणि दुपारी ओट्यावर आमचा वर्ग भरू लागला. समोरच्या रस्त्याने उसाच्या गाड्या कारखान्याकडे जात असत. सून शिकवी, मुलगा दुभाषी आणि विद्यार्थी मी!

थाई आणि टागालोग एकमेकींच्या कोणीच लागत नाहीत. टागालोग ही मलय व जावी भाषांच्या कुळातली. थाईचे कूळ वेगळे, लाओसच्या भाषेशी तिचे जवळचे नाते. थाईत पाच सूर आहेत. 'मै' हा उच्चार खालच्या सुरात केला तर 'नवे', उतरत्या सुरात 'नाही' आणि चढत्या सुरात 'रेशीम'. मी 'नवे' म्हणायला जाई, ते 'नाही' होई आणि नात टाळ्या पिटी. थाई क्रियापदाला मात्र प्रत्यय लागत नाही. जेवलो, जेवतो, जेवेन, सगळीकडे 'किन' तोच. टागालोगमध्ये सूर नाहीत, पण क्रियापदाच्या पोटातसुद्धा अक्षरे शिरतात. 'काइन' म्हणजे खाणे, 'कुमाइन' म्हणजे खाल्ले, 'काकाइन' म्हणजे खाईल.

अशा या परक्या भाषांत आपल्या ओळखीचे चेहरे दिसले तेव्हा मला भरून आले. थाईत भाषेला 'फासा', अन्नाला 'आहान', शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात. हे आपले भाषा, आहार आणि गुरू. दूरध्वनीला ते 'थोरसप' म्हणतात, म्हणजे 'दूर' आणि 'शब्द'. टागालोगमध्ये चेहरा 'मुखा', शिक्षक 'गुरो', आशा 'आसा' आणि दरिद्री तो 'दुखा'. मनिलाजवळ लगूना प्रांतात १९८९ साली एक ताम्रपट उजेडात आला. त्यावर शके ८२२ आणि वैशाख महिना कोरलेला आहे. कर्ज फिटल्याचा तो दाखला आहे. आपल्या पंचांगातला शक अकराशे वर्षांपूर्वी समुद्रापार त्या बेटांवर चालत होता तर!

पुढे दोघींच्या वाटा निराळ्या झाल्या. थायलंड कोणत्याही युरोपीय सत्तेची वसाहत झाले नाही. फिलिपिन्सवर मात्र तीन शतकांहून अधिक काळ, १८९८ पर्यंत स्पेनचे राज्य होते. म्हणून शुक्रवार थाईत 'वान सुक', म्हणजे आपल्याच शुक्राचा वार. टागालोगमध्ये तो स्पॅनिश वळणाचा 'बियेर्नेस'. १५९३ साली मनिलात छापलेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात टागालोग मजकूर तिच्या जुन्या लिपीत आणि रोमन लिपीतही होता. कालांतराने रोमनच उरली. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण'ही १६१६ साली रोमन लिपीतच छापले गेले होते. मात्र आपली लिपी टिकली, तशी थाईचीही टिकली.

एका दुपारी सर्वनामांचा पाठ निघाला. इंग्रजीत 'वुई' एकच. थाईतही 'राव' एकच. टागालोगमध्ये मात्र दोन आहेत. समोरच्याला धरून बोलायचे तर 'तायो', त्याला वगळून बोलायचे तर 'कामी'. मी उडालोच! हे तर आपले 'आपण' आणि 'आम्ही'. जो भेद मी इंग्रजी शिकलेल्या मुलांना घसा कोरडा करून सांगत आलो, तो या मुलीला जन्मापासून ठाऊक होता.

नाताळच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणालो, "आम्ही रात्री मिस्सेला जाणार आहोत." तिने शब्द जुळवीत, हळू आवाजात विचारले, "बाबा, आम्ही की आपण?"

वाचकहो, वर्गात मी सहस्र चुका दुरुस्त केल्या असतील. पण माझी चूक अशी कोणी दुरुस्त केली नव्हती. ती केवळ व्याकरणाची नव्हती. दूरध्वनीवरच्या त्या वाक्यातही 'आमची' हाच शब्द होता. मी मान खाली घालून म्हटले, "आपण. आपण सगळेच जाणार आहोत."

त्या रात्री मिस्सेत 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना सुरू झाली आणि शेजारी सून पुटपुटू लागली, "आमा नामिन". नामिन म्हणजे 'आमचा', 'आपला' नव्हे. मराठीतही आपण 'आपल्या बापा' म्हणत नाही, कारण बोलणे देवाशीच चाललेले असते. थाई प्रार्थनेतल्या 'बिदा', 'सवान' आणि 'नाम' या शब्दांत आपले पिता, स्वर्ग आणि नाम आहेत, हे मुलाने आधीच सांगितले होते. ज्या 'आमच्या' शब्दाने मी सुनेला व नातीला दूर लोटले, तोच शब्द प्रार्थनेत येताच आम्ही सारे एका बाजूला उभे होतो.

आता दर रविवारी दूरध्वनी येतो. नात मला अजूनही 'पू' म्हणते आणि मी ओ देतो. परवा तिने विचारले, "पू, आपण कधी भेटणार?" आजोबा हा शब्द ती हळूहळू शिकेल. 'चाचा', तिची थाई म्हणते. 'दाहन-दाहन', तिची टागालोग म्हणते. तिन्ही भाषांत तो शब्द दोनदाच उच्चारावा लागतो.