गप्प बसलेला पर्याय

त्या शनिवारी आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलीनं टर्मिनलवर लिहिलं, डॅश डॅश मेल, मग स्पेस, मग फॉल्स. एंटर दाबलं आणि हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्सची नऊशेवर बिलं सभासदांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडली. तीही आधीच्या महिन्याची. तिला फक्त आकडे जुळतात का ते बघायचं होतं.

मी तिला चार शब्द ऐकवले. "अगं, आधी हेल्प वाचायची ना!"

"वाचली सर. ट्रू किंवा फॉल्स द्या असं लिहिलंय. मी फॉल्स दिलं."

हेल्प मीच लिहिलेली होती, आठ वर्षांपूर्वी.

पायथॉनच्या आर्गपार्सशी ज्यांनी संसार केलाय, त्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. त्या पर्यायाचा टाइप मी बूल ठेवला होता. बूलला शब्दाचा अर्थ कळत नाही. स्ट्रिंग रिकामी आहे की भरलेली, एवढंच तो बघतो. फॉल्स हा चांगला पाच अक्षरांचा भरलेला शब्द, म्हणून तो खरा. पोरीनं कानीकपाळी ओरडून नाही म्हटलं आणि माझ्या प्रोग्रॅमनं फक्त कोणीतरी ओरडलं एवढंच ऐकलं.

ती चहाला खाली गेली तेवढ्यात मी ती ओळ बदलली. टाइप काढला, स्टोअर-ट्रू घातलं आणि कमिटच्या संदेशात लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'. पंचवीस वर्षं हे काम करतोय. चूक दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. संदेशात काय लिहावं याला जास्त वेळ गेला.

स्टोअर-ट्रूनं भागलं असतं तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. महिन्याभरातच एका ग्राहकानं कॉन्फिग फाइलमध्ये 'मेल चालू' असं कायमचं लिहून टाकलं आणि एके दिवशी त्याला म्हणायचं होतं, आजच्यापुरतं नको. ते सांगायला जागाच नव्हती. पर्याय दिला तर हो, न दिला तर नाही. पण न देणाऱ्याला खरंच नाही म्हणायचं होतं, की तो नुसता गप्प होता? पंगतीतला वाढपी ही चूक करत नाही. पानावर आडवा हात आला की पुढे सरकतो, पाहुणा गप्प असला तर वाढतो. माझ्या प्रोग्रॅमला आडवा हात आणि गप्प पाहुणा सारखेच दिसत होते. हो-नाहीचा पर्याय दोन किमतींचा, असं आपण शिकवतो. तो तीन किमतींचा असतो आणि तिसरी किंमत टाइप करता येत नाही.

म्हणून डीफॉल्ट नन ठेवायचं. नन आलं तर कॉन्फिगला विचारायचं, तिथेही काही नसेल तर आपलं मत चालवायचं. नाही म्हणणाऱ्यासाठी डॅश डॅश नो मेल असा वेगळा जोडीदार द्यायचा. यासाठी मी चाळीस ओळींचा एक क्लास लिहिला होता आणि तो मला फार प्रिय होता. 2020 साली पायथॉन 3.9 मध्ये बूलियन-ऑप्शनल-ॲक्शन आलं आणि ते नेमकं हेच करतं. मी कितीतरी दिवस माझाच क्लास वापरत राहिलो. "सर, हे तर तयार मिळतं ना?" असं त्या मुलीनं विचारलं, तेव्हा मी सुसंगततेचं काहीतरी कारण सांगितलं.

गो भाषावाल्यांचा मला हेवा वाटतो. त्यांच्याकडे बूलियन पर्यायाला फॉल्स द्यायचं तर बरोबरचं चिन्ह लावावंच लागतं, स्पेस चालत नाही. कारण वाचून मी थक्क झालो होतो. पर्यायापुढे कोणी तारांकन दिलं तर शेल त्याच्या जागी फोल्डरमधल्या फाइलींची नावं भरतं. त्यात एखाद्या फाइलचं नाव 0 किंवा फॉल्स निघालं तर आदेशाचा अर्थच फिरेल. इतका वाईट विचार करणारा माणूसच हे काम करू जाणे. जीएनयूच्या आरएममध्येही असाच कोणी बसलेला आहे. रूट पुसू नये हे तिथे न सांगता गृहीत असतं. ते मोडायचं तर नो-प्रिझर्व्ह-रूट हा पर्याय पूर्ण टाइप करावा लागतो. इतर लांब पर्यायांसारखा तो अर्धवट लिहिलेला चालत नाही.

आणि यामल फाइलीत सगळं लिहा म्हणणारी मंडळी आम्हाला जुनाट म्हणतात. त्यांच्या 1.1 आवृत्तीत नॉर्वेचा देश-कोड, एन-ओ, अवतरणाशिवाय लिहिला की त्याचा फॉल्स होतो. अख्खा देश खोटा! हे मी दर बैठकीत सांगतो, हसू आलं नाही तरी.

चाळीस ओळींचा क्लास शेवटी गेल्या आठवड्यात काढला. तो काढताना जुना इतिहास बघायला त्या मुलीनं माझ्या शेजारी बसून गिटचा लॉग उघडला. त्या शनिवारचा कमिट पडद्यावर आला, वेळेसकट, 'किरकोळ साफसफाई'. तिनं तो वाचला आणि खाली स्क्रोल केलं. बोलली काहीच नाही.