रागाचा घास

वय झालं की गळवाल्याची फेक शेवटपर्यंत साथ देते. हिसका आधी जातो. गळाला लावलेल्या बेडकावर पाणी फुटतं आणि हाताला कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. माझा हात आता तसा झाला आहे, आणि त्यानंच मला मरळीच्या जुन्या वादाकडे परत आणलं: हिसका लगेच द्यायचा की थांबून? माहूरच्या आसपास पैनगंगेच्या डोहांवर याचे दोन तट आहेत आणि पुरावा दोघांकडेही आहे. उन्हाळ्यात धार तुटून नुसते डोह उरतात, तेव्हा थांबणाऱ्याला मरळ लागते. पावसाळ्यात काठच्या गवतात ती घाई करणाऱ्याला लागते. माझं म्हणणं असं, की हे दोघं एकाच घासाबद्दल बोलतच नाहीत. उन्हाळ्यातला घास भुकेचा असतो. पावसाळ्यातला पुष्कळदा रागाचा.

भुकेली मरळ बेडूक धरते, जबड्यात दाबून खाली नेते, वळते, मग गिळते. तिचं तोंड हाडाचं. वळण्याआधी ओढलं तर गळ रुतत नाही, बेडूक तेवढा हातात परत येतो. पिलांवरच्या मरळीचं तसं नसतं. तांबूस पिलांचा गोळा उथळ पाण्यात फिरतो, आणि मरळीच्या जातीला वरची हवा घ्यावीच लागते म्हणून घडीघडीला वर येऊन पाणी खदखदवतो. राखण खाली असते, आणि तीत नरही असतो. त्या खदखदीवर पडलेला बेडूक तिच्या लेखी अन्न नसतो, चोर असतो. ती त्याला हाणते, झटकते, सोडून देते. इथं थांबणाऱ्याला काही मिळत नाही. सापडली तर पहिल्या झटक्यालाच सापडते. म्हणजे अडचण हिसक्याच्या वेगाची नाही. पाणी फुटताना घास कुठला आहे हे हातानं ओळखायचं कसं, ही आहे. आवाजावरून कळतं म्हणणारे आहेत, वळशावरून कळतं म्हणणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाही, कारण हिसका देणारा हात डोक्याला विचारत नाही.

यावर थंड नद्यांचा दाखला देऊन कुणी मला अडवील. ब्रिटिश कोलंबियाच्या स्कीना नदीत समुद्रातून परतणारा स्टीलहेड मासा नदीत शिरल्यावर फारसं खात नाही, तरी पिसांच्या माशीला तोंड घालतो. तिथले अनेक जुने हात घास आला की काठी उचलत नाहीत, बोटांतला सैल दोरा जाऊ देतात. भूक नसतानाही थांबणं तिथं फळतं, मग माझी भूक-रागाची वाटणी टिकते कुठं? आक्षेप रास्त आहे आणि त्यानं माझा मुद्दा नेमका होतो. स्टीलहेड माशी तोंडात घेऊन आपल्या जागेकडे वळतो, आणि त्या वळण्यातच गळ रुततो. घास का घेतला यापेक्षा घेऊन मासा वळला का, हे निर्णायक. राखणीची मरळ वळत नाही. पिलं सोडून ती जाणार कुठं?

इथून माझा निष्कर्ष निघतो आणि तो अनेकांना आवडणार नाही. थांबणारा हात ही चाळणी आहे: भुकेली मरळ तीत राहते, राखणीची बहुधा निसटते. जलद हिसक्याची कला म्हणजे पावसाळ्यात मुख्यतः राखणदार मारायची कला. माहूर रेणुकामातेचं ठाणं असलं तरी मी इथं आईपणाची दुहाई देत नाही, हिशोब मांडतो. राखण उचलली की तो गोळा इतर माशांचा चारा होतो, आणि मरळीची पिलं एकमेकांनाही खातात. ‘पकडून सोडून देऊ’ हे नव्या मंडळींचं उत्तर अपुरं आहे. उत्तर अमेरिकेत घरटं राखणाऱ्या बास माशाच्या नरांवर अभ्यास झाले. नर थोडा वेळ उचलून परत सोडला, तरी तेवढ्यात इतर मासे घरट्यावर तुटून पडतात. मरळ शिकारी आहे, रोहू-कटल्याची बोटुकली खाते, ती कमी झालेलीच बरी, असंही म्हणतात. पण डोहातली चिलापीची बेसुमार पिलावळ खाणारंही कुणीतरी हवंच ना?

सर्वांत जड आक्षेप वेगळा आहे. जिलेटीन आणि विषानं डोह मारणारे मोकळे असताना मूठभर गळवाल्यांनी सोवळं कशाला पाळायचं? स्फोटकं आणि विष यांना १८९७च्या मत्स्य कायद्यानंच मनाई केली आहे. ती कुठं कुठं कागदावर राहिली, एवढ्यानं आपल्याला मुभा मिळत नाही. जाळ्यावर पोट असलेल्या भोई कुटुंबांशी तर आपली तुलनाच नको. त्यांना मासा लागतो, आपल्याला फुशारकी लागते. प्लॅस्टिकचा बेडूक, वेणीचा दोरा आणि फोनवर फोटो, या थाटावर मी नाक मुरडतो खरा, पण माझाही सगळा तोरा जलद हिसक्याचाच होता, आणि तो हात शाबूत असता तर मी हा लेख लिहिला असता की नाही, याची मला खात्री नाही. मंद हाताला तत्त्वज्ञान सुचतं, असं तरुण गळवाले म्हणतील. म्हणोत बापडे. युक्तिवाद कुणाच्या सोयीचा आहे यावरून तो खोटा ठरत नाही. त्यांनी खदखदीवर बेडूक टाकून थांबून पाहावं आणि किती मरळी लागतात ते मला सांगावं.