तारापूरचा पाहुणा

गेल्या मार्गशीर्षात माझ्याकडे मॉरिशसहून एक गृहस्थ आले. तिकडे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. बोलणे शुद्ध मराठी, फक्त हेल क्रियोल भाषेचा. चहाचा पहिला घोट घेऊन होतो न होतो तोच त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "सर, खापरपणजोबांचं गाव शोधायचंय. सोबत याल?"

कागद म्हणजे एका जुन्या नोंदवहीतील पानाची नक्कल होती. १८३५ साली मॉरिशसमधील गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना मजुरांची निकड त्याआधीच भासू लागली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून कलकत्त्याचे छत्तीस मजूर पोर्ट लुईला पोहोचले. त्यांच्यामागून पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर माणसे त्या बेटावर उतरली. कलकत्ता आणि मद्रास यांच्याबरोबर आपल्या मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. आलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि नाव, बापाचे नाव, वय, उंची, जहाज, जिल्हा, गाव अशी नोंद होई. मजूर ज्या सोळा पायऱ्या चढून गेले, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत.

पाहुण्यांच्या कागदावर लिहिले होते: जिल्हा तन्ना, माहीम, तारापूर. बिचारे दोन दिवस ठाणे शहर आणि मुंबईचे माहीम पालथे घालून आले होते! मी म्हटले, "अहो, हे माहीम दर्ग्याचं नव्हे, केळव्याशेजारचं." जुन्या ठाणे जिल्ह्यात माहीम नावाचा तालुका होता आणि तारापूर त्यातच होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. तेव्हा कागदावरचा जिल्हाही आता बदललेला.

सकाळच्या गाडीने पालघर मागे टाकून आम्ही बोईसरला उतरलो. कारखान्यांची वसाहत संपली आणि हवेत खारा वास आला. तारापूर म्हटले की आपल्याला १९६९ सालापासूनची अणुवीज आठवते. इतिहासाच्या तासाला लक्ष दिलेल्यांना चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या मोहिमेतला किल्ला आठवतो. पाहुण्यांना मात्र दोहोंचे अगत्य नव्हते. ते प्रत्येक घराच्या ओटीकडे पाहत चालले होते.

बोंबील वाळत घातलेल्या एका अंगणात एक म्हातारबाबा जाळे विणीत बसले होते. सारे ऐकून त्यांनी सरळ विचारले, "आडनाव काय तुमचं?"

पाहुणे गप्प झाले. कागदात सारे होते, आडनाव तेवढे नव्हते. कारकुनाने पाळण्यातले नाव लिहिले आणि तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले. म्हणजे आजोबा बाळू, तर नातवंडेही बाळूच! आडनावाशिवाय कोकणात माणूस कसा शोधायचा?

"त्यांची उंची सांगतो," पाहुणे हळूच म्हणाले. "पाच फूट तीन इंच."

कुणी हसले नाही. म्हातारबाबांनी हातातले जाळे खाली ठेवले. "आमच्यात गेलेल्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही हो. जो गेला तो समुद्राला गेला, असंच म्हणायचे."

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की जाणाऱ्याची नोंद झाली ती परक्या किनाऱ्यावर, परक्या भाषेत, मजूर मोजण्यासाठी. ज्या गावाने त्याला वाढवले त्याच्यापाशी अक्षरही नाही. वहीने गाव सांगितले. पण ते गाव का सुटले, मागे कोण रडले, हे तिने कधी विचारलेच नव्हते.

चहा झाला. आम्ही निघणार, तोच म्हातारबाबांनी नातीला हाक मारून शाळेची वही आणवली. "सांगा, काय तो नंबर? नाव सांगा, बापाचं नाव सांगा, जहाज सांगा. उद्या कुणी विचारायला आलं तर?"

पोर खाली मान घालून लिहीत होती. पाहुणे एकेक अक्षर सावकाश सांगत होते आणि मध्येच थांबून डोळे पुशीत होते. दीडशेहून अधिक वर्षांनी त्या माणसाची नोंद त्याच्या गावात, त्याच्या भाषेत होत होती.