पायाळू पोर आणि जळालेला टीव्ही

मे महिना संपत आला की आमच्या मराठवाड्यात दुपारनंतर आभाळ भरून येतं. वारा सुटतो, धूळ उडते आणि विजा कडकडू लागतात. त्या वेळी घरोघरी आयाबाया वाळवण गोळा करायला धावतात. आमच्या घरात मात्र आणखी एक धावपळ व्हायची. सासूबाई ओरडायच्या, "अगं, पोरीला आत घे आधी! पायाळू हाय ती!"

माझी थोरली मुलगी पायाळू जन्मली. म्हणजे बाळंतपणात आधी तिचे पाय आले. पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एरवी याच पायाळूला मान असतो. कुणाची कंबर धरली, उसण भरली की "पोरीला पाय लावायला सांगा" म्हणत बाया दारात यायच्या. पण ढग गडगडला की तीच पोर घराला धोका व्हायची. तिला मधल्या खोलीत पत्र्याच्या पेटीपासून दूर, घोंगडी पांघरून बसवायचं. लहानपणापासून हेच पाहिल्यामुळे गडगडाट झाला की पोर थरथर कापायची.

आमच्या घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. मी अंगणवाडीत मदतनीस, मालक मोंढ्यात हमाली करायचे. "आपण अंधश्रद्धा मानत नाही" असं मी चारचौघांत सांगायची. पण पाऊस आला की मीही पोरीला आत ढकलायची. कशाला विषाची परीक्षा, असं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

१९९८ च्या मे महिन्यातली गोष्ट. भिशीच्या पैशातून आम्ही चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला होता. अजून वर्षही झालं नव्हतं. त्या संध्याकाळी सिनेमा चालू होता. विजा चमकू लागल्या, सासूबाई हाका मारू लागल्या, पण आठवीतली पोर त्या दिवशी हटून बसली. "मी नाही उठणार," म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी टीव्ही जळाला. बल्ब फुटला, टीव्हीच्या मागून धूर निघाला, घरभर जळका वास.

दुसऱ्या दिवशी वस्तीत एकच चर्चा. "पायाळू पोर टीव्हीसमोर बसली होती, वीज आलीच." आणखी तीन घरांतलं सामान जळालं होतं. त्यांचंही खापर तिच्यावरच फुटलं. एक शेजारीण तर तोंडावर म्हणाली, "तुमच्या पोरीपायी आमचा रेडिओ गेला."

मी भांडले. म्हटलं, "पायाळू-बियाळू काही नसतं. वीज तारेवर पडली आणि तारेतून घरात आली. हे विज्ञान आहे!" मला वाटलं, मी लई मोठं बोलले.

रात्री पोर माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, टीव्ही माझ्यामुळं जळला का गं?"

मी म्हटलं, "नाही."

"तुला कसं माहीत?"

मला उत्तर देता आलं नाही. तारेवर वीज पडली हे मी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी ऐकलेलं सांगितलं, मीही ऐकलेलंच सांगितलं. फरक एवढाच, की माझ्या बोलण्यात विज्ञान हा शब्द होता.

पोरीनं मग स्वतःच मार्ग काढला. शाळेच्या जुन्या वहीत तिनं रकाने आखले. घर कोणतं, लाईट कोणत्या खांबावरून आली, काय जळालं, त्या वेळी दिवा कसा दिसत होता, घरात पायाळू कोण आहे का. आणि ती दोन्ही गल्ल्यांतली एकोणीस घरं फिरली. काहींनी हसून सांगितलं, काहींनी हाकललं. त्यांच्याकडे ती दुसऱ्या दिवशी परत गेली.

वही भरली तेव्हा निराळंच चित्र दिसलं. पहिल्या दोन खांबांवरच्या आठ घरांत काहीच झालं नव्हतं. पुढच्या अकरा घरांपैकी चार घरांत सामान जळालं होतं आणि तिथं सगळ्यांनी एकच सांगितलं, दिवा आधी पांढराफेक झाला, एक-दोन मिनिटं तसाच जळला, मग फुटला. सहा घरांत उलट दिवे मंद, तांबडे झाले होते. आणखी एक गोष्ट निघाली. विजेचा मोठा कडाका आधी झाला होता आणि सामान जळालं ते दहा-पंधरा मिनिटांनी, वावटळ सुटल्यावर. आम्ही सगळ्यांनी आठवणीत दोन्ही एकत्र करून टाकलं होतं.

वस्तीत पायाळू तीन निघाले. एक आमची पोर. एक गवंडीमामा, त्यांच्या घरी रेडिओ चालू होता, त्याला काही झालं नाही. एक म्हातारी आजी, तिच्या घरी नुसता दिवा मंद झाला. आणि जळालेल्या बाकीच्या तीन घरांत पायाळू कुणीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तारा जोडायला वायरमन आले. पोरीनं त्यांना जयभीम केला आणि वही न दाखवता विचारलं, "मामा, कोणत्या घरांतलं सामान जळालं असेल ते तुम्ही सांगू शकाल का?" ते हसले. खांबाकडे पाहून म्हणाले, "बाभळीची फांदी पडून इथं न्यूट्रल तुटलाय. या तारेवरच्या पाच घरांत दाब वाढला असणार. त्या तारेवरच्या सहा घरांत दिवे मंद झाले असणार. तुटल्याच्या अलीकडे काहीच नाही."

पुढं त्यांनी समजावलं ते असं. आपल्या घरात दोन तारा येतात, एक फेज आणि एक न्यूट्रल. त्यांच्यामध्ये २३० व्होल्टच्या आसपास दाब असतो. पण दोन वेगवेगळ्या फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास असतो. मधला न्यूट्रल तुटला की दोन फेजवरची घरं एकमेकांमागे जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी सारखी होत नाही. जिकडं भार जास्त, तिकडं दाब कमी. जिकडं भार थोडा, तिकडं दाब जास्त. मंद दिव्यांच्या दोन घरांत त्या वेळी विजेच्या शेगड्या चालू होत्या. म्हणून आमच्या बाजूच्या दिवे-टीव्हीवर सगळा दाब आला. वीज तारेवर पडली असती तर दिवा मिनिटभर पांढरा राहिला नसता. आभाळातल्या विजेचा एकेक झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत आटोपतो.

म्हणजे सासूबाई चुकल्या होत्या आणि मीही चुकले होते.

पण वायरमनमामांनी पाच घरं सांगितली होती आणि वहीत जळालेली घरं चारच होती. पोरीनं ते झाकून ठेवलं नाही. पाचव्या घरी पुन्हा गेली. तिथले काका म्हणाले, "दिवा पांढरा झाला तसा मी मेन स्विच बंद केला. म्हणून वाचलं." पहिल्यांदा तिनं फक्त "काही जळालं नाही" एवढंच लिहून घेतलं होतं. हिशेबात न बसलेल्या त्या एका घरानंच आम्हाला सामान वाचवायची युक्ती शिकवली.

त्या रात्री सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी आपल्या भावाची गोष्ट काढली. तो पायाळू होता. शेतात पाऊस आला म्हणून लिंबाखाली उभा राहिला आणि वीज पडून गेला. तेव्हापासून त्यांच्या मनात भीती बसली होती. नातीवर राग नव्हता, नात जाईल ही धास्ती होती.

पोरीनं हळूच विचारलं, "आजी, मामाआजोबांबरोबर कुणी होतं?"

"होता की. शेजारचा सालगडी. तोबी गेला."

"तो पायाळू होता?"

सासूबाई उत्तर द्यायला थांबल्या. पदरानं डोळे पुसले. "नव्हता," म्हणाल्या. एवढी वर्षं त्यांना ते ठाऊक होतं, पण मोजणीत कधी धरलं नव्हतं. वीज उंच झाडावर आली होती. खाली कोण कसा जन्मला, हे तिला कुठून कळणार?

वाचक बंधू-भगिनींनो, शंभर बाळंतपणांत तीन-चार मुलं पायाळू असतात. वीज पडून दगावलेला पायाळू असला की गावभर गोष्ट होते. पायाळू नसला की कुणी विचारतही नाही. समजुती अशाच टिकतात.

हे फक्त आपल्याकडेच नाही. युरोपात शेकडो वर्षं वादळात चर्चच्या घंटा वाजवत, आवाजानं वीज पळते म्हणून. उंच मनोऱ्याखाली ओला दोर धरून उभे राहिलेले कितीतरी घंटा वाजवणारे त्यात मेले. १७५२ साली अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनच्या कल्पनेवरून फ्रान्समध्ये लोखंडी सळई उभारून प्रयोग झाला आणि ढगातली वीज ही विजेचीच ठिणगी आहे हे दिसलं. पुढच्याच वर्षी असाच प्रयोग करताना रशियात रिचमन नावाचे शास्त्रज्ञ वीज पडून मरण पावले. व्हेनिस शहरातल्या सेंट मार्कच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा वीज पडून नुकसान व्हायचं, तिथं १७७६ साली वीजवाहक सळई बसवली. फ्रँकलिनला आधी वाटत होतं, की टोकदार सळई ढगातली वीज हळूहळू शोषून घेईल आणि वीज पडणारच नाही. अनुभवानं कळलं, की वीज पडतेच, सळई तिला जमिनीत जायला सुरक्षित वाट देते. सळई राहिली, समजूत सुधारली. विज्ञान असं चालतं. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून ते खरं ठरत नाही आणि चूक सापडली म्हणून कुणाची अब्रू जात नाही.

आता कामाचं सांगते. आज घराघरांत रंगीत टीव्ही, फ्रीज, मोबाईलचे चार्जर आहेत. हप्ते फिटायच्या आत ते जळू नयेत म्हणून एवढं करा.

आभाळ गडगडू लागण्याआधीच प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. विजेचा झटका बटणातल्या बारीकशा फटीवरून उडी मारू शकतो. डिशची किंवा केबलची वायरही टीव्हीपासून काढा, वीज त्या वाटेनंही येते. मात्र विजा डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावू नका. तेव्हा सामान गेलं तरी चालेल.

दिवे अचानक पांढरेफेक झाले किंवा काही मंद, काही प्रखर झाले, तर लगेच मेन स्विच बंद करा आणि शेजारच्यांना हाक मारा. तुटून पडलेल्या तारेजवळ कुणाला जाऊ देऊ नका.

एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. विजेचा झटका त्याच्या पडण्याआधीच निघून जातो. स्टॅबिलायझर कमी-जास्त दाब सांभाळतो आणि जास्त दाबाला बंद पडणारा असेल तर न्यूट्रल तुटल्यावर उपयोगी पडतो. पण तो आभाळातली वीज अडवत नाही. खऱ्या स्पाइक गार्डमध्ये झिंक ऑक्साइडची एक चकती असते. दाब एकदम वाढला की ती जादा वीज दुसऱ्या वाटेनं सोडून देते. झटके खाऊन ती झिजते, म्हणून जुन्या गार्डवर विसंबू नका. बाजारात नुसत्या एक्स्टेन्शन बोर्डालाही लोक स्पाइक गार्ड म्हणतात, तेव्हा विचारून घ्या. आणि घराला चांगलं अर्थिंग नसेल तर गार्डचं काम अर्धवटच राहतं. थेट घरावर वीज पडली तर यातलं काहीच पुरं पडत नाही. प्लग काढणं हाच सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

माणसांसाठी एवढं ध्यानात ठेवा. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीसच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. झाडाखाली उभं राहू नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका, लगेच दवाखान्यात न्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं मोबाईलसाठी 'दामिनी' नावाचं अ‍ॅप काढलं आहे. जवळपास विजा पडत असल्या की ते इशारा देतं. रानात काम करणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं.

माझी पोर आज चाळिशीला आली आहे. ती वही मी जपून ठेवली आहे, पानं पिवळी पडलीत. सासूबाई आता नाहीत. पण त्या वर्षानंतर जितके पावसाळे त्यांनी पाहिले, त्या प्रत्येकात ढग गडगडला की त्या नातीला हाक मारायच्याच. फक्त शब्द बदलले होते.

"पोरी, प्लग काढला का गं?"