तळं बघायला कशाने जावं?

आमच्या महाडात 'गाडी भाड्याने मिळेल' अशी पाटी दिसली तर त्याचा अर्थ गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही मिळतील, असा असतो. नुसती किल्ली हातात देऊन 'न्या, चालवा, संध्याकाळी आणून लावा' असं इथे कुणी म्हणत नाही. गाडी कुणाची तरी घरची असते, तिच्यावर बँकेचा हप्ता असतो. असा माणूस ती अनोळखी हातात कशी देईल? कुवेतहून सुट्टीवर आलेल्या आमच्या धाकट्या भावाला हे पटत नव्हतं. "भाई, तिकडे लोक विमानतळावर उतरतात, काउंटरवर लायसन दाखवतात आणि गाडी घेऊन तळ्यांच्या मुलखात आठ आठ दिवस फिरतात," असं तो सांगत होता. त्याच्या मुलांनाही तळं पाहायचं होतं. कोयनेचं, तापोळ्याचं.

तळ्याचं म्हणाल तर ते आमच्या गावातही आहे. मुलांना आधी तिथेच नेलं. चवदार तळं पाहून ती म्हणाली, "एवढंच?" आकाराने एवढंच. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत या तळ्यावर आले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्या पाण्यावरचा सर्वांचा हक्क न्यायालयात कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडला. एवढ्याशा तळ्याला दहा वर्षं लागली. हे मुलांना सांगताना आम्हाला प्रवासाचीही एक गोष्ट सांगावीशी वाटली. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरले. धरमतरला उतरलं असतं तर पुढे मोटारी लागल्या असत्या, आणि मोटारवाल्यांनी नेलं नसतं तर वाटेतच अडकावं लागलं असतं. दासगावहून महाड पाच मैल, पायीही जाता येतं. त्या परिषदेच्या मांडवाला गावात जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली, हे आमच्याकडे घरोघरी अभिमानाने सांगितलं जातं. मांडवाच्या जागेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, मोटारीची कमी लोकांना. गाडीत कुणाला बसू द्यायचं, हा प्रश्न आमच्या तालुक्यात असा जुना आहे.

तर तापोळा. महाडहून पोलादपूर अठरा-वीस किलोमीटर, तिथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चाळीसच्या आसपास, आणि पुढे खाली उतरत पंचवीस-तीस. भावाने ईको ठरवली, साडेचार हजारांत, ड्रायव्हरच्या जेवणासकट. सगळे मिळून आठ माणसं आणि गाडीत जागा सातांची. 'मुलांना मांडीवर घेऊ' असं ठरतही आलं होतं, तेवढ्यात अम्मी म्हणाली, "मी एसटीने येते."

अम्मीचं वय सत्त्याहत्तर. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. तेव्हापासून ती आधार कार्ड कमरेच्या बटव्यात ठेवते आणि कंडक्टरने विचारायच्या आत काढून दाखवते. कंडक्टर तिला शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. ती तिकिटं ती जपून ठेवते. कशासाठी, ते विचारायची आमची हिंमत नाही. भावाला वाईट वाटलं. आईसाठी गाडी करावी, तिला पुढच्या सीटवर बसवावं, यासाठीच तर माणूस परदेशात राबतो. पण बंद काचांच्या गाडीत घाटात तिला मळमळतं हे खरं होतं. आणखीही एक गोष्ट खरी होती. गाडीत ती मुलाच्या पैशाने बसते, एसटीत स्वतःच्या वयाने.

घरात खरा वाद पैशाचा नव्हता, भीतीचा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला. त्यावर त्या वेळी मुंबईकडे निघालेल्या एसटीच्या दोन गाड्या होत्या आणि एक खासगी मोटारही. नदीने एसटी आणि मोटार असा भेद केला नाही. पुढच्या वर्षी, जून २०१७ मध्ये, नवा पूल खुला झाला. तरी पोलादपूरकडे जाताना पुलावर गाडी आली की आमच्याकडची बोलणी अजून थांबतात. पुढे आंबेनळी. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस त्या घाटात दरीत गेली. तीस जण गेले, एकटा वाचला. भावजय म्हणाली, "मोठी गाडी घाटात नकोच." आम्ही म्हटलं, घाटाची रोज सवय असलेला एसटीचा ड्रायव्हर आणि कालचं लग्नाचं भाडं पहाटे संपवून आज आपल्याला न्यायला आलेला ड्रायव्हर, यांतल्या कुणाच्या डोळ्यांवर झोप कमी असेल ते बघावं. याला कुणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी पाच जण ईकोत आणि आम्ही दोघं अम्मीला घेऊन एसटीत, असं ठरलं. भेट तापोळ्यात.

महाडहून पोलादपूरपर्यंत काहीच अडचण नाही. एसटी चुकली तर मिनीडोर आहे, तीही भरली तर दुसरी. पोलादपूरला मात्र घाटाच्या गाडीची वाट पाहावी लागते. स्टँडवरच्या वाट पाहण्यात आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. तिथे तालुक्याची हजेरी लागते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर बाकांवर पदर आणि बुरखे यांचीच गर्दी दिसते. आमच्या तिघांत एक तिकीट पूर्ण, एक अर्धं आणि एक शून्याचं. जाऊन-येऊन पाचशेच्या आत.

गाडीत अम्मीशेजारी एक बाई बसल्या, साठीच्या. राहायला आमच्याच रायगडात, पण मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. धरण १९६४ च्या सुमाराला उभं राहिलं, शिवसागराचं पाणी पन्नास किलोमीटर मागे पसरत गेलं आणि गावंच्या गावं उठली. काही साताऱ्या-सांगलीत गेली, काही इकडे ठाण्या-रायगडात आली. बाईंचे वडील तेव्हा आले. तापोळ्याकडे त्यांची चुलत भावंडं अजून आहेत, पाण्याच्या वर सरकून राहिलेली. "पाणी उतरलं की मे महिन्यात आमच्या देवळाचा दगड दिसतो," त्या म्हणाल्या. "बाबा होते तोवर दरवर्षी एसटीने यायचे. दगड बघायचे नि परत जायचे." अम्मीने विचारलं, "आणि घर?" बाई म्हणाल्या, "घर मातीचं होतं." मग दोघी वाड्यापर्यंत गप्प होत्या. आमच्या पुढच्या सीटवरचा शाळकरी मुलगा तेवढा मोबाइलवर गाणी लावून बसला होता. त्याला कुणी बंद कर म्हणालं नाही.

ईकोवाले आमच्या दोन तास आधी पोहोचले होते. वाटेत त्यांनी प्रतापगड पाहिला, वेण्णा तलावावर मुलांना घोड्यावर बसवलं, मक्याची कणसं खाल्ली. आम्ही यातलं काही केलं नाही, करताही आलं नसतं. एका दिवसात चार ठिकाणं बघायची असतील तर गाडीला पर्याय नाही, हे कबूल केलं पाहिजे. एसटी तुम्हाला एका जागी नेते आणि तिथे सोडते. तिसरी वाटही आहे. महाबळेश्वरपर्यंत एसटी आणि पुढे तिथली टॅक्सी. तिचे दर फलकावर लिहिलेले असतात, तेव्हा घासाघीस करावी लागत नाही. चार माणसांच्या कुटुंबाला आम्ही हीच वाट सुचवू. घाट मोठ्या गाडीने चढावा आणि तळ्याकडची वळणं छोट्या गाडीने उतरावी.

पण तळ्यापाशी पोहोचलं की दोन्ही गाड्या काठावर राहतात. कोयना आणि सोळशी जिथे मिळतात तिथे पुढे रस्ता म्हणजे पाणीच. आम्ही बोट करून अर्धा तास फिरलो. मुलं खूश झाली. पलीकडच्या काठाची माणसं मात्र लाँचची वाट पाहत उभी होती. एकाच्या डोक्यावर गॅसचं सिलिंडर, एका बाईच्या कडेवर तापाने लाल झालेलं पोर. त्यांना आधी लाँच, मग एसटी, आणि एसटी गेली असेल तर जीप. आपल्याला जीप परवडते का, हे ठरवायला त्यांना आमच्यासारखी आठवडाभर चर्चा करता येत नाही. कंडक्टर येताना म्हणाला होता, "शनिवार-रविवारी सगळे मोटारीने येतात, आमची गाडी रिकामी. भारमान नाही म्हणून वरून फेरी कापली की सोमवारी शाळेची पोरं उभी." २०२१-२२ च्या संपानंतर आमच्याकडच्याही कित्येक वाड्यांच्या फेऱ्या अशाच विरळ झाल्या. भावाच्या साडेचार हजारांचा आणि त्या पोरांचा थेट संबंध लावणं अन्यायाचं होईल. पण अजिबात नाही असंही आम्हाला म्हणवत नाही.

परतीची गाडी वेळेवर आली नाही. पाऊण तास वाट पाहिल्यावर भाऊ म्हणाला, "अम्मी, आता तरी बस." ती बसली. तेवढ्यात वळणावर लाल गाडी दिसली आणि ती उतरली. भाऊ हसला. या वेळी मात्र तो स्वतः, थोरल्या मुलाला घेऊन, आमच्याबरोबर एसटीत चढला. घाटात त्या मुलाला उलटी झाली, खिडकीतून. अम्मीने बटव्यातून लिंबू काढून त्याच्या नाकाशी धरलं.

बाईंनी मे महिन्यात या म्हणून सांगितलंय, देवळाचा दगड बघायला. मे म्हणजे लग्नसराई. महाडात एकही ईको मोकळी सापडणार नाही, हे आम्ही भावाला सांगितलं. त्याने डेपोत चौकशी केली तेव्हा त्याला 'प्रासंगिक करार' हा शब्द कळला. एसटी आख्खीच भाड्याने मिळते, ड्रायव्हरसकट. त्याला हे फारच आवडलं. गाडी पुरेशी भरायला निदान चाळीस माणसं हवीत. दासगावची खाला, तिच्या सुना, पोलादपूरचे मामू, शेजारचे दोन संसार धरून यादी एकतीसवर आली आहे.