नफ्याचं मूळ व्याजात नाही

व्याज घेतलं नाही तर बँक जगत नाही, आणि जगत असेल तर ती आडवाटेने व्याजच घेत असते. बँकेच्या पतविभागात नोकरी करत होतो तोवर माझं हे मत ठाम होतं आणि मी ते उघडपणे मांडत असे. इस्लामी बँकांचा विषय निघाला की माझा निकाल तयार असे: ही श्रद्धेची बाब आहे, हिशेबाची नव्हे, आणि भारताला तिची गरज नाही. आज मी तसं म्हणत नाही. या बँका नफा कशावर मिळवतात आणि कशापायी गमावतात, हे समजून घेताना माझं मत बदलत गेलं. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आपल्याकडे व्याजरहित बँकिंगला वाट मिळावी, असं आता मला मनापासून वाटतं.

जुन्या मतामागे बडोद्यात वाढल्याचा मोठा भाग होता. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांचं नाव निघालं की ग्रंथालयं आणि शाळांबरोबर बँकेचाही उल्लेख होतोच. 20 जुलै 1908 रोजी दहा लाख रुपयांच्या भांडवलावर महाराजांनी बँक ऑफ बडोदा सुरू केली. त्याच्याही आधी, 1889 साली, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी इथे अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली होती. देशातल्या सहकारी पतसंस्थांचा इतिहास सांगताना तिचं नाव पहिल्यांदा घेतात. 1913 नंतरच्या पडझडीत देशभर बँका बुडत असताना बँक ऑफ बडोदा तरली. हे सगळं ऐकत मोठा झाल्यामुळे बँक म्हणजे धर्म, जात, भाषा यांच्या पलीकडची, कायद्याने बांधलेली संस्था, असं माझ्या मनावर पक्कं ठसलं होतं. त्यात कुणा एका धर्माच्या नियमांनी चालणारी बँक मला बसवता येत नव्हती.

पण मांडवी आणि पाणीगेटच्या व्यापाऱ्यांशी माझा रोजचा संबंध होता. लोखंडी सामान, रंग, काच, हार्डवेअर विकणारे बोहरा दुकानदार आमचे जुने खातेदार. त्यातल्या काहींच्या चालू खात्यात वर्षानुवर्षं भली मोठी शिल्लक पडून असे. मुदत ठेवीत वळवा, चांगला दर मिळेल, असं मी सुचवलं की उत्तर ठरलेलं असे: ‘साहेब, व्याज नथी जोईतुं.’ मला त्यांची काळजी वाटे, त्यांचं नुकसान होतंय असं वाटे. आमच्या शाखेच्या नफ्यात त्या पैशाचा वाटा किती आहे, याचा विचार मात्र मी कधी केला नाही. बँकेत ज्याला आम्ही ‘कासा’ म्हणतो, म्हणजे चालू आणि बचत खात्यांचा ठेवींमधला वाटा, तो जितका जास्त तितकी बँक सुखी. चालू खात्यातल्या पैशावर बँकेला काहीच द्यावं लागत नाही. शाखेचा कासा वाढला की वरून शाबासकी यायची. ती शाबासकी काही अंशी व्याज नाकारणाऱ्या माणसांमुळे मिळत होती, हे मला फार उशिरा उमगलं.

ते उमगलं माझ्या भाचीमुळे. ती दुबईत एका बँकेच्या पतविभागात आहे. निवृत्तीनंतर तिच्याकडे गेलो असताना माझा जुना निकाल मी तिलाही ऐकवला. ती म्हणाली, ‘मामा, तुम्ही कुठल्याही कर्जदाराचा ताळेबंद न वाचता शेरा मारलात का कधी? मग यांचे ताळेबंद वाचून बोला.’ तिने अहवाल पुढे ठेवले. मी ते बडोद्याला घेऊन आलो आणि कर्जाचा प्रस्ताव तपासावा तसे तपासले.

पहिलीच ओळखीची गोष्ट सौदी अरेबियाच्या अल राजही बँकेत दिसली. ही जगातली सर्वांत मोठी इस्लामी बँक. तिच्या नफ्याचा पाया अनेक वर्षं अशा चालू ठेवींवर उभा होता, ज्यांवर ती काहीही परतावा देत नव्हती. लोक श्रद्धेने व्याज घेत नव्हते आणि बँकेला पैसा जवळजवळ फुकट मिळत होता. म्हणजे मांडवीतला माझा खातेदार आणि रियाधचा खातेदार एकच गोष्ट करत होते. इस्लामी बँकेच्या नफ्याचा पहिला घटक मला असा सापडला: ठेव किती स्वस्तात मिळते. हा कुठल्याही बँकेचा पहिला घटक असतो.

दुसरा घटक खर्च. समजा एखाद्याला आठ लाखांचा टेम्पो हवा आहे. आपली बँक त्याला कर्ज देते आणि व्याज लावते. इस्लामी बँक टेम्पो स्वतः विकत घेते आणि त्याला साडेनऊ लाखांना हप्त्यांवर विकते. याला मुराबहा म्हणतात. किंमत पहिल्याच दिवशी ठरते, पुढे वाढत नाही. पण खरेदी दोनदा होते, कागदपत्रं दुप्पट होतात, मधल्या काळात वस्तूची मालकी आणि तिची जोखीम बँकेवर असते. शिवाय प्रत्येक नवी योजना शरियत मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. हा सगळा खर्च नफ्यातून वजा होतो. बेक, देमिर्गुच-कुंत आणि मेरूश या अभ्यासकांनी 2013 साली दोन्ही प्रकारच्या बँकांची तुलना प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष असा की इस्लामी बँका खर्चाच्या बाबतीत मागे असतात, पण त्यांच्या कर्जांचा दर्जा आणि भांडवल तुलनेने चांगलं असतं. धंद्याच्या मूळ ठेवणीत मात्र फार मोठे फरक त्यांना आढळले नाहीत.

तिसरा घटक थकबाकी, आणि इथे मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो. आपल्याकडे हप्ता चुकला की दंड लागतो आणि तो दंड बँकेचं उत्पन्न ठरतो. मुराबह्यात ठरलेली किंमत वाढवता येत नाही. दंड आकारला तरी आखातातल्या बहुतेक इस्लामी बँकांत तो दानधर्माला जातो, नफ्यात धरला जात नाही. मग उशिरा येणाऱ्या प्रत्येक हप्त्याचा भार बँकच सोसते. थकलेल्या खात्यातून काही कमाई होण्याची आशाच नसल्यामुळे कर्जदार पारखून घेण्यावाचून तिला गत्यंतर नसतं. पतविभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला या व्यवस्थेची शिस्त पटल्याशिवाय राहत नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत बोधप्रद वाटली. गुंतवणूक खात्यातल्या ठेवीदाराला ठरलेलं व्याज नसतं. बँकेच्या नफ्यात त्याचा ठरलेला वाटा असतो आणि तोटा झाला तर तोही त्याचाच. नियम असा आहे. पण शेजारची साधी बँक चार टक्के देत असताना याला दोनच टक्के मिळाले, तर तो ठेव उचलून नेतो. म्हणून वाईट वर्षात बँक स्वतःचा वाटा कमी करून ठेवीदाराला बाजारभावाइतकं देते आणि चांगल्या वर्षात त्यासाठी वेगळा राखीव निधी बाजूला काढते. म्हणजे कागदावर ठेवीदाराने घेतलेली जोखीम प्रत्यक्षात भागधारकांच्या नफ्यावर येऊन पडते. स्पर्धा जितकी तीव्र, तितका हा भार मोठा.

याशिवाय बँकेच्या हाताबाहेरची कारणं आहेत. तेलाचे भाव चढले की आखाती सरकारांच्या ठेवी बँकांत येतात. 2014 नंतर भाव कोसळले तेव्हा तिथे पैशाची चणचण भासली. रात्रीपुरता उसना पैसा व्याजाशिवाय मिळण्याची सोय नसेल तर इस्लामी बँकेला जास्त रोकड नुसती धरून ठेवावी लागते आणि पडून राहिलेला पैसा काही कमवत नाही. मलेशियाने 1994 साली अशा बँकांसाठी आपसांतल्या देवाणघेवाणीचा वेगळा बाजार उभा केला, आणि ती अडचण तिथे बरीच हलकी झाली.

2008 च्या जागतिक मंदीत या बँका सुरक्षित राहिल्या, असं त्यांचे समर्थक अभिमानाने सांगतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हसन आणि द्रिदी यांनी 2010 मध्ये आठ देशांच्या बँकांचा अभ्यास केला, तो मी वाचला. 2008 मध्ये इस्लामी बँकांचा नफा खरोखरच बरा टिकला; ज्या विषारी कर्जरोख्यांनी पाश्चात्त्य बँका बुडवल्या, ते यांच्याकडे नव्हते. पण 2009 मध्ये मंदी जमीन-इमारतींपर्यंत पोचली आणि यांच्या नफ्याची घसरण साध्या बँकांपेक्षा मोठी झाली. दुबईत घरकर्ज देणाऱ्या तमवील कंपनीने नोव्हेंबर 2008 मध्ये नवी कर्जं थांबवली आणि 2010 मध्ये दुबई इस्लामिक बँकेने तिचा मोठा हिस्सा घेऊन तिला सावरलं. एकाच क्षेत्रात जास्त पैसा गुंतवला की काय होतं, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं होतं. धर्माने घालून दिलेल्या नियमाने त्या बँकांना एका संकटातून वाचवलं, दुसऱ्यातून वाचवलं नाही. दुसऱ्यातून त्यांना फक्त सावध बँकिंगच वाचवू शकलं असतं.

हे सगळं वाचून झाल्यावर माझं जुनं वाक्य टिकलं नाही. बँकेचा नफा व्याजातून येतो असं मी मानत आलो होतो. आता मला वाटतं, तो येतो स्वस्त ठेवीतून, काटकसरीतून, कर्जदाराच्या पारखीतून, पुरेशा भांडवलातून आणि जोखीम विखरून ठेवण्यातून. व्याज हे तो गोळा करण्याचं एक साधन आहे. खरेदी-विक्रीतला नफा किंवा भाडं हे दुसरं. साधन बदललं तरी बाकीची मेहनत टळत नाही.

माझी एक शंका मात्र अजून शिल्लक आहे, आणि ती मी लपवत नाही. इस्लामी बँकिंगचं मूळ स्वप्न नफा-तोट्यात भागीदारीचं होतं. 1963 साली इजिप्तच्या मित घम्र गावात अहमद अल-नज्जार यांनी बचत बँक काढली ती लहान माणसाला डोळ्यांपुढे ठेवून. आजच्या मोठ्या बँकांत मात्र भागीदारी थोडी आणि हप्त्याने विक्रीच जास्त आहे. नफ्याच्या दृष्टीने ते सोयीचं असलं तरी न्यायाचा जो दावा केला जातो, तो यातून पुरता सिद्ध होत नाही. पण म्हणून या बँकांना दार बंद करावं, असं मला आता वाटत नाही. न्यायाचा दावा पुरा न करणाऱ्या साध्या बँकाही आपण चालवतोच.

आपल्याकडे अडचण कायद्याची आहे, आणि ती थेट नफ्यावर येते. 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याचं आठवं कलम बँकांना माल विकत घेऊन विकण्याची मनाई करतं. म्हणजे टेम्पोचा तो सगळा व्यवहार भारतात करताच येत नाही. वैधानिक तरलतेसाठी ठेवींचा मोठा हिस्सा, सध्या 18 टक्के, सरकारी कर्जरोख्यांत, सोन्यात किंवा रोकडीत ठेवावा लागतो. व्याज टाळायचं तर सोनं आणि रोकडच उरते, आणि त्यांतून दरवर्षी उत्पन्न येत नाही. घर बँकेने विकत घेऊन ग्राहकाला विकायचं तर गुजरातचं 4.9 टक्के मुद्रांक शुल्क दोनदा भरायचं. ब्रिटनने हा दुहेरी भार 2003 मध्ये काढून टाकला. तरीही तिथली इस्लामिक बँक ऑफ ब्रिटन 2004 मध्ये सुरू झाल्यावर पहिली अनेक वर्षं तोट्यात होती. नियम सोपे केले म्हणजे नफा आपोआप होतो असं नाही. नियम आडवे आले तर मात्र तो होऊच शकत नाही.

2008 मध्ये रघुराम राजन समितीने व्याजरहित बँकिंगची शिफारस केली. 2015 मध्ये दीपक मोहंती समितीने साध्या बँकांतच वेगळी खिडकी उघडण्याचं सुचवलं. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. सर्व नागरिकांना बँकिंगच्या समान संधी उपलब्ध आहेत, असं कारण दिलं. तेव्हा मला तो निर्णय पटला होता. दीड वर्षांनी, जून 2019 मध्ये, बंगळुरूच्या आय मॉनेटरी अॅडव्हायझरी कंपनीचा मालक मन्सूर खान ठेवीदारांचे पैसे घेऊन देशाबाहेर पळाला. हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो साध्या कुटुंबांनी तिथे आयुष्याची पुंजी ठेवली होती. व्याज नको असलेल्या माणसाचा पैसा कुठेतरी जातोच. देखरेख असलेलं दार बंद असेल, तर तो देखरेख नसलेल्या दारातून जातो. त्या कुटुंबांच्या बातम्या वाचताना 2017 चा निर्णय मला पटेनासा झाला.

आपल्याजवळ चांगली उदाहरणंही आहेत. बोहरा समाजात कर्झे हसना, म्हणजे व्याजाशिवाय उसने देण्याची पद्धत रुजलेली आहे. बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेने 2016 मध्ये व्याजरहित कर्जाचा उपक्रम सुरू केला. पण असे उपक्रम परोपकारावर चालतात; त्यांतून दुकान चालतं, कारखाना उभा राहत नाही. त्यासाठी नफा कमावणारी, लेखापरीक्षण होणारी, ठेव विम्याचं संरक्षण असणारी बँकच लागते.

धर्माच्या नावाची बँक मला आजही नको आहे. मला हवी आहे ती कुणाही नागरिकासाठी खुली असलेली व्याजरहित खिडकी. मलेशियात मुस्लीम नसलेले लोकही हप्ता ठरलेला राहतो म्हणून अशा बँकांकडे जातात, बडोद्यातलेही जातील. तिचा ताळेबंद बाकीच्यांइतक्याच कडक नजरेने तपासावा, थकबाकी लपवली तर तितकीच शिक्षा व्हावी आणि ती चालवता आली नाही तर बंद पडू द्यावी. पण चालवून पाहण्याची परवानगी तिला मिळाली पाहिजे. सयाजीरावांनी बँक काढली ती रयतेचा पैसा सुरक्षित राहावा आणि धंद्याला लागावा म्हणून. ज्या रयतेला व्याज नको, तिचाही पैसा त्या हेतूत बसतो.