कोणी ऐकतंय का?

भोर आणि वेल्हे हे डोंगरांचे तालुके. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर या नावांचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. मात्र याच डोंगरांनी आमच्या खोऱ्यांचा आवाजही अडवून धरला आहे. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकडी चढणारी माणसं इथं आजही भेटतात. अशा मुलखात एक माणूस छपरावर ॲल्युमिनियमच्या काड्या बांधून आभाळाशी बोलत असे. त्याला त्याचा एक पैसाही मिळत नसे. तो माणूस म्हणजे आमचे खालूजान, आमच्या मावशीचे यजमान. त्यांच्याविषयी कुणी काही लिहिलं नाही, म्हणून आम्ही लिहितो आहोत.

भोरला त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दुकान पोटासाठी आणि वायरलेस जिवासाठी. हौशी रेडिओवाल्यांना जगभर 'हॅम' म्हणतात. त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते, पोलिसांची चौकशी होते, मग परवाना आणि एक कॉल साइन मिळते. खालूजानना ती मिळाली तेव्हा त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. आपल्या देशातल्या हॅमची कॉल साइन बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. पुढे एक आकडा आणि काही अक्षरं. त्यावरून माणसाचा देश कळतो. आडनाव, गाव, गल्ली, जात, मजहब यातलं काहीच कळत नाही. आम्ही लहान असताना हे आम्हाला नुसतं गमतीचं वाटलं होतं. पुढं भाड्यानं खोली शोधताना नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे अनुभवलं तेव्हा त्या चार-पाच अक्षरांची किंमत कळली.

पण गल्लीत कॉल साइन चालत नाही, गल्लीत नावच चालतं. दाढीवाला मुसलमान रात्री छपरावर चढून तारा फिरवतो, याचा लोकांनी लावायचा तोच अर्थ लावला. शेजारच्या अण्णांनी तर एकदा सरळ विचारलं, "काय चाचा, पाकिस्तान लागतं का यावर?" खालूजान रागावले नाहीत. त्यांनी अण्णांना हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि कानाला हेडफोन लावला. भिंतीवर चौकटीत परवाना होता. टेबलावर लॉगबुक होतं. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, कोणत्या कॉल साइनशी बोललो, आवाज कसा होता, हे सारं त्यात निळ्या शाईनं लिहिलेलं असे. "देख लो," ते म्हणाले. अण्णांनी पानं चाळली. समाधान झालं असं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. आम्हाला फार वाईट वाटलं. खालूजान एवढंच म्हणाले, "बेटा, पहले सुनो, फिर बोलो. वायरलेस का पहला कायदा यही है." एका फ्रिक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले की कुणाचंच कुणाला कळत नाही, म्हणून सेट लावला की आधी कान द्यायचा, असं त्यांनी मग समजावून सांगितलं.

त्यांचा पहिला सेट घरीच जोडलेला होता. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाच्या सेटचा आराखडा जगाला फुकट देऊन टाकला होता. बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून तो उभा राहतो. त्यातली कॉइल तर नळाच्या वॉशरवर गुंडाळता येते. नळ दुरुस्त करणाऱ्याकडून खालूजान मूठभर वॉशर घेऊन आले, तेव्हा खालाजान म्हणाल्या, "नल तो एकही है घर में!"

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद नावाच्या हॅम बाई अंदमानात होत्या. तिथून बोलण्याची परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती आणि साऱ्या जगातले हॅम त्यांना गाठायला धडपडत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले. बाईंनी पोर्ट ब्लेअरहून तोच सेट मदतीला लावला आणि कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता नाही, असे निरोप मुख्य भूमीवर पोचवले. खालूजान त्या दिवसांत दुकान उघडायला विसरत. सेटसमोर नुसते ऐकत बसत.

नंतर ५ मे २००५ उजाडला. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ या यानाने कार्टोसॅट-१ सोबत आणखी एक लहानसा उपग्रह वर नेला. त्याचं नाव हॅमसॅट, वजन अवघं साडेबेचाळीस किलो. उड्डाण पाहायला राष्ट्रपती अब्दुल कलाम स्वतः हजर होते. इस्रोने हा उपग्रह खास हौशी रेडिओवाल्यांसाठी बांधला होता. त्यात दोन ट्रान्सपॉन्डर होते. एक भारतीय हॅम मंडळींनी तयार केलेला आणि दुसरा नेदरलँड्समधल्या विल्यम लायनार या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने. हौशी मंडळींनी त्याला 'व्हीओ-५२' म्हणायला सुरुवात केली.

डोंगरातल्या माणसाला याचं मोल जास्त. दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटरच्या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की संपल्या. पण डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला डोंगर कसा अडवणार? सुमारे ४३५ मेगाहर्ट्झवर बोलायचं, उपग्रह ते १४५ मेगाहर्ट्झवर परत खाली पाठवणार. उंची सुमारे सव्वासहाशे किलोमीटर. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत तो फार तर बारा-तेरा मिनिटं दिसायचा, खोऱ्यात त्याच्या निम्मीच वेळ मिळायची. तेवढ्यात अँटेना हातानं फिरवत राहायची. एसटी हॉर्न वाजवत जवळून गेली की आवाज आधी चढतो मग उतरतो, तसाच उपग्रहाचा सूरही बदलत जातो, म्हणून दुसऱ्या हातानं फ्रिक्वेन्सी सरकवायची. वेल्ह्याकडे जाताना खालूजान अँटेना पिशवीत घालून नेत आणि एखाद्या माळावर आम्हाला होकायंत्र धरायला उभं करत. कधी बंगळूर लागायचं, कधी श्रीलंका. सहा मिनिटांत दोन-तीन माणसं, नावं, हवामान, खुदा हाफिज.

त्याच वर्षी २६ जुलैचा पाऊस झाला. मुंबई बुडाली, वरंध घाटापलीकडे महाड तालुक्यात दरडी कोसळल्या. अण्णांची मुलगी कुर्ल्याला दिलेली. फोन लागेना. अण्णा स्वतः आले नाहीत, बायकोला पाठवलं. खालूजाननी चाळीस मीटरवर मुंबईच्या एका हॅमला गाठलं, पत्ता सांगितला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं : सुखरूप, पाणी ओसरलं, काळजी नको. निरोप घेऊन आम्ही धावत गेलो. अण्णा म्हणाले, "हे खरं कशावरून?" चार दिवसांनी मुलीचाच फोन आला तेव्हा त्यांना खरं वाटलं. त्यांनी आभार वगैरे मानले नाहीत. पण पुढं पाहुण्यांना ते सांगू लागले, "आमच्या गल्लीत वायरलेस आहे." 'आमच्या' हा शब्द खालूजानना फार आवडला होता.

हॅमसॅट नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. अखेर त्याच्या बॅटऱ्यांनी दगा दिला आणि ११ जुलै २०१४ रोजी त्याचं आयुष्य संपल्याचं जाहीर झालं. लॉगबुकात त्यानंतरही आठवडाभर वेळा लिहिलेल्या आहेत आणि पुढं प्रत्येक ठिकाणी 'आवाज नाही' असा शेरा आहे. ३० जुलैच्या रकान्यात फक्त 'माळीण' एवढाच शब्द. आमच्याच जिल्ह्यातलं आंबेगाव तालुक्यातलं ते गाव पहाटे डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. बातमी बाहेर पोचली ती गाव जागेवर नाही हे पाहणाऱ्या एसटीच्या चालकामुळे. गाव गाडलं गेलं तेव्हा तिथून हाक मारायला कुणी उरलंच नव्हतं, ही गोष्ट खालूजानच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

ते २०१७ च्या हिवाळ्यात गेले. हॅम मंडळी आपल्या दिवंगत सोबत्याला 'सायलेंट की' म्हणतात, म्हणजे शांत झालेली तारेची चावी. मयतीला पुण्याहून दोन अनोळखी माणसं आली होती. त्यांनी खालूजानना कधी पाहिलं नव्हतं. पंधरा वर्षं फक्त आवाज ओळखत होते. जनाजा उचलताना अण्णांचा खांदा होता.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. परवाना आम्ही काढलेला नाही, पण सहावीला ध्वनीचा धडा आला की टेबलावर टिचक्या मारून मोर्सची अक्षरं शिकवतो. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावरून हॅम रेडिओवरच शाळकरी मुलांशी बोलले. ती बातमी वर्गात वाचून दाखवली तेव्हा एका मुलीनं विचारलं, "टीचर, त्यांना आपलं नाव सांगावं लागतं का?" आम्ही सांगितलं, आधी कॉल साइन, मग वाटलं तर नाव. तिनं लगेच वहीच्या मागच्या पानावर 'व्हीयू' लिहिलं आणि पुढची अक्षरं आपल्या मनानं ठरवू लागली. बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं, हेही आम्ही तिला सांगितलं. तिला अजून दहा महिने आहेत.